पाचोरं उनं का?

नकाशावर जळगाव आणि पुणे यांना पट्टी लावून रेघ ओढा. ती थेट आमच्या पाचोऱ्याच्या डोक्यावरून जाते. म्हणजे पाचोरेकराला विमानानं पुण्याला जायचं तर आधी पुण्याकडे पाठ करून पन्नासेक किलोमीटरवरचं जळगाव गाठायचं, तपासणीत कमरेचा पट्टा काढायचा, पुन्हा घालायचा आणि मग आपल्याच घरावरून उडत निघायचं. द्राविडी प्राणायाम खराच, पण दिवाळीनंतर मी तो हौसेनं केला.

विमान एटीआर, दोन पंख्यांचं. तसं लहानच; पण २०१७च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेत मुंबई-जळगाव सुरू झालं ते १९ आसनांचं होतं, आमच्याकडे काळीपिवळीत जवळजवळ तेवढी माणसं बसतात. एटीआरचा मोठा गुण म्हणजे त्याचे पंख खिडकीच्या वर असतात. खालचा मुलूख झाकला जात नाही.

शेजारी भडगावकडचे एक आप्पा. पायाशी पिशवी, तीत पुण्याच्या लेकासाठी भरिताची वांगी आणि कळण्याचं पीठ. विमान जरा स्थिरावलं तसं त्यांनी विचारलं, “भाऊ, पाचोरं उनं का?”

मी खाली रेल्वेचे रूळ शोधत होतो. “आप्पा, गयं बी!”

यापेक्षा आमची पाचोरा-जामनेर रेल्वे, म्हणजे ‘पीजे’, बरी होती. जामनेरपर्यंतच्या ५६ किलोमीटरांत एकेका बाभळीची ओळख करून द्यायची.

पुढे अजिंठ्याचा डोंगर. आम्ही खानदेशी त्याला जन्मभर खालून पाहिलेलं, त्यामुळे तो चढून गेलं की पलीकडे तेवढंच उतरायचं, असं उगाच वाटत राहतं. वरून पाहिलं तर कडा संपतो तिथंच पठार आणि शेतं सुरू. या धारेवर पडलेला पाऊस अलीकडे ओघळला तर तापीतून अरबी समुद्राला जातो, पलीकडे ओघळला तर गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. ज्या कन्नडच्या घाटात ट्रकांमागे अडकून मी शेंगांच्या पुड्याच्या पुड्या संपवल्या आहेत, तो एक शेंग सोलेस्तोवर मागे पडला.

आप्पांनी मात्र अंदाजानं पाटणादेवीची दिशा धरून हात जोडले. मग एकदम दचकले आणि घाईघाईनं चपला काढू लागले. देवीच्या डोक्यावरून पायताण घालून कसं जायचं? त्या गडबडीत एक चप्पल पुढच्या आसनाखाली सरकली आणि ती शोधण्यात आमचा अख्खा अहिल्यानगर जिल्हा निघून गेला.