कॅप्टन, वाशीम आगार

वाशीमला विमानतळ नाही, पण कॅप्टन आहेत. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना आमची गल्ली याच हुद्द्यानं ओळखते. असा एक इसम प्रत्येक तालुक्यात असतो. नवं काहीही आणून द्या, त्याला जुनंच चालवून दाखवायचं असतं. कुणी लुना पाळतो, कुणी टेपरेकॉर्डर. कॅप्टनकडे २००६ सालचं 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' आहे, दोन डीव्हीडी, डब्यासकट. मुलानं कॉलेजात असताना घेतलेलं. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, डबा वाशीमला राहिला.

नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची जागाच नव्हती. "मंग एवढ्या पैशात देल्लं काय त्यायनं?" असं म्हणत कॅप्टननी अकोल्याहून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. गाडी फलाटाला लागली, पण सुटेना. हा खेळ पंचवीस अक्षरांची चावी मागतो आणि ती मंजूर होईपर्यंत एका वेळी अर्धा तासच उडू देतो.

कॅप्टनचा मार्ग ठरलेला, नागपूर ते वाशीम. त्यांचं छोटं सेसना ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे काम तासाभराचं. त्यामुळे रोज वर्धा मागं पडून यवतमाळ जिल्हा लागला, की खेळ बंद. "बाभुळगावले गाडी फेल," अशी नोंद वहीत व्हायची. शेजारीही संध्याकाळी चौकशी करत, "काय कॅप्टन, आज बाभुळगाव आलं का?"

सल्लागारांना तोटा नव्हता. एकानं सांगितलं, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. कॅप्टन दुखावले. "म्हंजे इतके दिवस मी कोन होतो?" दुसऱ्यानं २००७ साली आलेले दोन सर्व्हिस पॅक क्रमानं घालायला लावले. लॅपटॉपची तारीख-वेळ तपासून झाली, अँटीव्हायरसला रजेवर पाठवून झालं. शेवटी मुलाचा फोन आला. "बाबा, हाच खेळ २०१४ पासून स्टीमवर मिळतो. ही चावीची भानगडच नाही. घेऊन देऊ?"

"त्याचा डबा कुठी हाये?"

मुलानं फोन ठेवला. ज्याचा डबा नाही ती वस्तू कॅप्टनच्या लेखी अजून बाजारात आलेली नसते.

तिढा सोडवला नववीतल्या नातीनं. चावीचं स्टिकर घासून घासून पुसट झालेलं. तिनं मोबाइलची बॅटरी मारून ते वाचलं आणि म्हणाली, "आबा, या कंपनीच्या चाव्यांमध्ये शून्य, एक आणि पाच नसतातच. तुम्ही पाच कुठून आणला?" तो पाच म्हणजे पोट झिजलेला सहा होता. सहा टाकला, चावी मंजूर.

त्या दिवशी बाभुळगाव मागं पडलं, कारंजाही गेलं. तासाभरानं वाशीम आलं आणि खाली बघतात तर धावपट्टी कुठंच नाही. इतक्या महिन्यांच्या खटपटीत हा विचार घरात कुणालाच शिवला नव्हता. कॅप्टन मात्र डगमगले नाहीत. दोन घिरट्या घालून त्यांनी विमान एका शेतात उतरवलं आणि वहीत लिहिलं, "विनंती थांबा."

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल, तर स्टिकर पुसट व्हायच्या आत चावीचा फोटो काढून ठेवा. आणि पाच दिसलाच, तर आधी सहा टाकून बघा.