त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं

प्रत्येक सोसायटीत, आणि गोतावळा मोठा असेल तर प्रत्येक कुटुंबात, एक असा माणूस असतो की ज्याच्याविषयी बाकीचे 'त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं' असं म्हणतात. हे कळणं त्याने मिळवलं कुठून, याची चौकशी कोणी करत नाही. एखाद्याने कधीकाळी एमएस-सीआयटी केलेलं असतं, एखाद्याच्या ऑफिसात सर्व्हर असतो आणि तो सर्व्हरच्या खोलीशेजारी बसतो, एखाद्याने फक्त सगळ्यांच्या आधी कॉम्प्युटर घेतलेला असतो. वीजबिल भरता भरता ब्राउझर हँग झाला, पडदा दुधाळ झाला, वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' उमटलं, निळं वर्तुळ गरगरू लागलं आणि इकडे फोनवर आलेल्या ओटीपीची मुदत सेकंदासेकंदाने सरू लागली, की घरातून एकच हुकूम सुटतो, 'त्याला बोलवा.' तो येतो, खुर्चीतल्या माणसाला उठवतो, ब्राउझर चालू करून देतो, चहा घेतो आणि जातो. महिन्याभराने पुन्हा बोलावणं येतं. माझं म्हणणं असं आहे की इतक्या वर्षांत त्याने तो ब्राउझर एकदाही दुरुस्त केलेला नसतो. आणि तरी त्याला बोलावण्यात घरच्यांचं काही चुकत नाही.

आधी पहिल्या म्हणण्याचा पुरावा देतो. खुर्चीत बसल्या बसल्या तो सगळ्या खिडक्या खाली पाठवतो, मोकळ्या डेस्कटॉपवर माउसचं उजवं बटण दाबतो आणि 'रिफ्रेश' करतो. पुन्हा करतो, पुन्हा करतो. आयकॉन लुकलुकतात, घरच्यांना वाटतं यंत्राला तरतरी आली. विंडोजमधली ही आज्ञा डेस्कटॉपवरची चित्रं नव्याने काढते, बास. तिने मेमरी मोकळी होत नाही, प्रोसेसरचा भार उतरत नाही, अडकलेल्या ब्राउझरला तर तिचा पत्ताही लागत नाही. मग 'रन'ची चौकट उघडते आणि तीत तो कीबोर्डकडे न बघता एकामागून एक तीन शब्द टाकतो: नुसतं टेम्प, टक्क्याच्या दोन चिन्हांमधलं टेम्प, आणि प्रीफेच. दर वेळी समोर येणाऱ्या शेकडो फायली तो एका दमात उडवतो. टेम्पमधल्या गेल्या तर डिस्कवर थोडी जागा होते, हे कबूल. प्रीफेचचं मात्र उलटं आहे. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आलेली ही सोय, कोणत्या प्रोग्रॅमला सुरू होताना कोणत्या फायली लागतात याची टिपणं ठेवते, म्हणजे पुढच्या खेपेला तो लवकर उघडावा. ती टिपणं गेली की पुढची खेप मंदावते, आणि विंडोज बिचारं ती पुन्हा लिहायला बसतं. यानंतर पाळी ब्राउझरची. 'कॅश क्लिअर करतो' असं पुटपुटत तो दिसेल त्या चौकोनात टिक करतो, त्यात कुकीजही जातात, आणि घरातला प्रत्येक जण प्रत्येक ठिकाणाहून लॉगआउट होतो. मग आजोबांच्या पासवर्डच्या डायरीची शोधाशोध. ती सापडते तेव्हा तीत 'बँक, जुना' आणि 'बँक, नवा' असे दोन पासवर्ड निघतात, आणि दोन्ही चालत नाहीत.

निदानाची तऱ्हा उपचारांहून न्यारी. टास्क मॅनेजर उघडला की त्यात क्रोमच्या पंधरा-वीस ओळी दिसतात. त्याकडे बोट दाखवून तो म्हणतो, 'बघा, किती वेळा चालू झालंय. व्हायरस आहे.' वास्तविक क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला तो हेच वैशिष्ट्य मिरवत. टॅबांना वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवायचं, म्हणजे एक अडकला तरी बाकीचे वाचतील, ही कल्पना लोकांना समजावी म्हणून गूगलने स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून चक्क एक चित्रकथा काढून घेतली होती. फायरफॉक्सने त्या वाटेने जायला २०१६ उजाडवलं. तेव्हा या ओळी रोगाच्या नाहीत, रोग पसरू नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताच्या आहेत. पण वीस ओळी पाहून घाबरलेल्या घराला 'व्हायरस' हा शब्द जितका धीर देतो तितका 'प्रक्रिया' हा शब्द कुठून देणार? व्हायरस म्हटलं की दोष बाहेरून आलेला ठरतो, आणि काल रात्री चिरंजीवांनी काय डाउनलोड केलं हा विषय टळतो.

यावर कोणीही म्हणेल, 'अहो, पण तो आला की ब्राउझर चालू होतो की नाही?' होतो. आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर अडकण्याच्या प्रकारात आहे. कधी एखादं पानच अडकतं. पानावरचा जावास्क्रिप्टचा प्रोग्रॅम, पान रंगवणं आणि तुमच्या क्लिकची दखल घेणं ही कामं मुख्यतः एकाच रांगेत, एक संपलं की दुसरं अशी चालतात. पुढचं काम लांबलं की मागचे क्लिक ताटकळतात. (ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये या भाषेचा पहिला अवतार दहा दिवसांत तयार केला होता. आपण वाट बघत घालवलेला वेळ त्यानंतरचा.) कधी अख्खी खिडकीच मुकी होते. मेमरी भरते, विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर ने-आण करू लागतं, आणि डिस्क जुनी, फिरणारी असली की सगळं खोळंबतं. खिडकीने पाच सेकंद दाद दिली नाही तर विंडोज तिला झाकतं आणि तिच्या जागी तशीच दिसणारी फिकट खिडकी उभी करतं. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत हिचं नावच भुताची खिडकी असं आहे. म्हणजे घरातली मंडळी चिडून ज्यावर टकटक करतात तो ब्राउझर नसतोच. आता यातली कितीतरी अडकणी थोडा वेळ दिला की आपली आपण सुटतात. ने-आण संपते, मागे चाललेला अपडेट उरकतो, अँटिव्हायरसची झडती आटोपते. आपल्या माणसाच्या उपायांचा खरा गुण हा की ते वेळ खातात. मृग लागल्यावर निघालेली धोंडी कधी कोरडी परतत नाही, तसंच हे.

आणि एवढ्यानेही भागलं नाही, तर त्याचा शेवटचा उपाय असतोच: रीस्टार्ट. हा मात्र खरा आहे. मेमरीत तुंबलेलं सगळं त्याने जातं. पण इथेही एक मेख आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून, फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीमुळे, 'शट डाउन' केलेला कॉम्प्युटर बहुधा पुरता बंद होतच नाही. विंडोजच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि चालू केल्यावर तीच परत येते. कोरी सुरुवात हवी तर 'रीस्टार्ट'च करावं लागतं. आपला माणूस मात्र शट डाउन करतो, भिंतीवरचं बटणही बंद करतो, थोडा वेळ शांत बसतो आणि मग चालू करतो. बटण बंद केल्याशिवाय घरच्यांना उपचार झाल्यासारखा वाटत नाही, हेही खरं.

दोष खरोखर शोधायचा तर रीत अवघड नाही. तेच पान इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघायचं, कारण तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे चाललं तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत जायचं. नाही चाललं तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघायचं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो आणि कोणता टॅब मेमरी खातोय ते दिसतं, तेवढाच मारायचा. व्हिडिओ लावल्यावरच अडकत असेल तर हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहायचं. एका वेळी एकच बदल, मग थांबून निरीक्षण. पण हे त्याच्या हातून होणं नाही, आणि त्याचा दोष अज्ञान हा नाही. त्याच्या मागे पाच माणसं उभी असतात. एक एक्स्टेन्शन बंद करून स्वस्थ बसलेला माणूस त्यांना काही करतोय असं दिसत नाही. म्हणून तो सगळे उपाय एकदम करतो, आणि सगळे एकदम केल्यामुळे कोणता लागू पडला हे कधीच कळत नाही. कूपन शोधून देणारं ते एक्स्टेन्शन, जे खरं कारण होतं, ते तसंच राहतं. महिन्याभराने बोलावणं येतं ते यामुळे.

क्वचित तो बरोबर असतो, तेही सांगायला हवं. चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि पस्तीस टॅब असतील तर 'रॅम वाढवा' हे त्याचं पालुपद खोटं नाही. एसएसडी बसवली तर फरक आणखीच जाणवतो. 'फॉरमॅट मारावा लागेल' हे मात्र तो निदान म्हणून म्हणत नाही, दबदब्यासाठी म्हणतो.

मग त्याला बोलावण्यात चूक का नाही? अडकलेल्या पानावर ब्राउझर जो प्रश्न विचारतो तो नीट वाचा: थांबायचं, की पान बंद करायचं? हा प्रश्न तो तुम्हाला विचारतो, कारण त्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसणं ही त्याच्या कंपनीची कसूर नाही. कोणताही प्रोग्रॅम दिला तरी तो केव्हातरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील हे दर वेळी अचूक सांगणारी एकच सार्वत्रिक रीत असू शकत नाही, हा निष्कर्ष ॲलन ट्युरिंगच्या १९३६ च्या निबंधातून निघालेला आहे. गणिताने हात टेकलेला हा प्रश्न ब्राउझर सरळ वीजबिल भरणाऱ्या काकूंपुढे टाकतो, तोही ओटीपी सरत असताना. काकूंची भीती गणिती नसते. 'पैसे कट झाले असतील तर?' ही असते. बंद केलं आणि पैसे गेले असले तर? पुन्हा भरलं आणि दोनदा गेले तर? घरात कोणीही ते बटण दाबत नाही, कारण दाबणाऱ्याच्या नावावर तो निर्णय जन्मभर राहील. एवढंच करायला बाहेरचा माणूस लागतो. तो 'काही होत नाही हो, जास्तीचे कटले तर परत येतात' असं म्हणतो आणि बेधडक बंद करतो. त्याची ही निर्भयता सोपी आहे. फॉर्म त्याचा नसतो, खातं त्याचं नसतं. स्वतःच्या घरी, स्वतःचं आयकर विवरणपत्र भरताना ब्राउझर अडकला, की हाच माणूस माउसवरचा हात उचलून गुपचूप त्या वर्तुळाकडे बघत बसतो आणि बायकोला 'हात लावू नकोस' म्हणतो.

आता काही जण म्हणतील, हे सगळं जुनं झालं. वीजबिल फोनवरून भरतात, घरचा कॉम्प्युटर आच्छादनाखाली आहे, हा माणूस काही दिवसांचा सोबती. मला तसं दिसत नाही. कोणत्याही लग्नात बघा, तो कोणाच्या ना कोणाच्या फोनमधली मागे उघडी राहिलेली ॲप्स अंगठ्याने एकेक करून वर भिरकावत असतो. मेमरी लागली की अँड्रॉइड ती आपली आपण आवरतं, आणि भिरकावलेलं ॲप पुन्हा मुळापासून उघडायला फोनला उलट जास्तच काम पडतं. फोनचा मालक मात्र शेजारी अदबीने उभा असतो आणि विचारतो, 'बॅटरीचं पण बघता का जरा?'