श्रद्धा आमची, सबुरीही आमचीच

चौपन्न टक्के. सिअ‍ॅटलमधल्या कुठल्याही बेसबॉलवेड्यासमोर हा आकडा काढून बघा. पुढचा अर्धा तास तुमचा नाही.

गोष्ट ऑक्टोबर २०२३ ची. सिअ‍ॅटल मरिनर्सचं प्लेऑफचं दार एका विजयाच्या फरकानं बंद झालं होतं. संघबांधणीचे प्रमुख जेरी डिपोटो पत्रकारांपुढे बसले आणि त्यांनी हिशेब मांडला: दहा वर्षांच्या पल्ल्यात ५४ टक्के सामने जिंकत राहणं हे आपलं लक्ष्य. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण चाहत्यांना धीर धरायला सांगून आपण त्यांच्यावर उपकारच करतो आहोत, अशा अर्थाचं ते पुढे बोलले.

उपकार?

मोसमात सामने १६२. त्याचे ५४ टक्के म्हणजे साडेसत्त्याऐंशी. त्या वर्षी मरिनर्सनी ८८ जिंकले. लक्ष्य गाठलं आणि घरी बसले. ८९ जिंकणारं टोरोंटो आत गेलं.

श्रद्धा आणि सबुरी हे दोन शब्द मराठी माणसाला कुणी शिकवायला नकोत. ते आपण देवासाठी राखून ठेवले आहेत. खेळाडू विकत घेण्याचे पैसे ज्याच्या हातात आहेत, त्यानं ते आमच्याकडे मागायचे नाहीत.

मी सिअ‍ॅटलशेजारच्या रेडमंडला राहायला आलो त्याला सतरा वर्षं झाली. क्रिकेटवर वाढलेला माणूस. ऑफिसातल्या एकानं बळेबळे मैदानावर नेलं आणि मी तिथलाच झालो. या खेळाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो रोज असतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ दररोज सामना. त्यामुळे आशाही रोज नव्यानं मांडावी लागते. एप्रिलमध्ये ती सगळ्या तीसही संघांकडे सारखीच असते. जूनमध्ये माणूस म्हणतो, यंदा नक्की. ऑगस्टमध्ये तोच माणूस म्हणतो, सगळ्यांना हाकलून द्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आवाज खाली आणून म्हणतो, जमतंय बहुतेक, पण बोलू नका.

याला लोक चंचलपणा म्हणतात. साफ चूक. रोज दोन निकाल बदलतात, एक आपला आणि एक शत्रूचा, आणि त्या दोन निकालांनी उद्याचं चित्र खरोखरच पालटतं. ते चित्र पाहून ज्याचं मन हलत नाही, तो सामने बघतच नाही.

आमच्या फ्रिजवर सप्टेंबरात एक कागद लागतो. त्यावरच्या आकड्याला इथे मॅजिक नंबर म्हणतात. १६३ मधून आपले विजय वजा करायचे, मागच्या संघाचे पराभव वजा करायचे. उरेल तितकी मजल बाकी. लेक लहान असल्यापासून हे काम तिचं. रात्री निकाल लागला की जुना आकडा स्केचपेननं खोडायचा, खाली नवा लिहायचा. कागद तेलकट झालाय, एका कोपऱ्याला हळद लागलीय. काही वर्षी आकडा शून्यापर्यंत गेला नाही आणि कागद तसाच अर्धा ऑक्टोबरात उतरवला. असे अर्धे कागद तिनं टाकलेले नाहीत.

त्यातला २०२१ चा कागद मी विसरू शकत नाही. त्या वर्षी २६ जुलैच्या रात्री ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजविरुद्ध मरिनर्स ०-७ असे मागे होते. तिथून उठले, डिलन मूरनं भरलेल्या बेसेसवर होम रन मारला आणि ११-८ असा सामना काढला. अख्खं शहर झोपलं नाही. दुसऱ्याच दिवशी संघव्यवस्थापनानं शेवटचे डाव सांभाळणारा पिचर केंडल ग्रेव्हमन विकून टाकला. कुणाला? त्याच ह्यूस्टनला. मालिका सिअ‍ॅटलमध्येच चालू होती. ग्रेव्हमननं सामान उचललं आणि समोरच्या संघाच्या खोलीत गेला. खेळाडू संतापले, ते लपवायच्या फंदातही कुणी पडलं नाही.

तरी ते लढले. ९० विजय. शेवटच्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, आशा जिवंत होती. मैदान खच्चून भरलेलं, हाताहातांत एकच शब्द लिहिलेल्या पाट्या: बिलीव्ह. श्रद्धा ठेवा. सामना हरले. नवव्या डावात काईल सीगरला बाहेर बोलावलं, अकरा मोसम याच संघाकडून खेळलेला माणूस. तो मैदानावरून रडत चालत गेला आणि हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. लेकीनं पाटी खाली ठेवली नव्हती. दोन विजय कमी पडले. ग्रेव्हमन असता तर ते दोन मिळाले असते, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण विकायला नको होता, हे छातीठोक सांगतो.

२०२२ मध्ये व्यवस्थापनानं उलट केलं. प्लेऑफ डोळ्यांसमोर असताना सिनसिनाटीकडून लुईस कॅस्टिओसारखा पहिल्या दर्जाचा पिचर आणला. ३० सप्टेंबरला ओकलंडविरुद्ध नववा डाव, १-१, दोन बाद, तीन बॉल दोन स्ट्राइक. बदली म्हणून बॅटिंगला आलेल्या कॅल रॉलीनं चेंडू उजवीकडे भिरकावला आणि २००१ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ. एकवीस वर्षांनी गंगेत घोडं न्हालं. मी त्या रात्री चाळिशी ओलांडलेल्या माणसांना पार्किंगमध्ये गळ्यात पडून रडताना पाहिलंय.

आणि २०२३? पुन्हा विक्री. ३१ जुलैला पॉल सिवॉल्ड, म्हणजे पुन्हा शेवटचे डाव सांभाळणारा पिचर, अ‍ॅरिझोनाला. अ‍ॅरिझोना त्याच मोसमात वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, पोचलं. आम्ही एका विजयानं बाहेर. वर ते चौपन्न टक्के.

हिशेब प्रामाणिक ठेवतो: २०२४ मध्ये रँडी अरोझारेना आणि जस्टिन टर्नर आणले, आणि तरीही एकाच विजयानं हुकलं. जूनमध्ये गटात दहा सामन्यांची आघाडी होती, ती विरघळली. विकत घेतलं की जिंकतातच असं नाही. पण त्या वर्षी मैदानातून बाहेर पडताना मला फसवल्यासारखं वाटलं नाही. हरल्याचं दुःख वेगळं आणि विकले गेल्याचं वेगळं, आणि चाहत्याला या दोन्हींतला फरक नीट कळतो.

आता २०२५. जुलैअखेर अ‍ॅरिझोनाकडूनच जॉश नेलर आणि एउहेनिओ सुआरेझ आले. शहरानं कॉलर ताठ केली. मग ऑगस्टचा उत्तरार्ध आला आणि परगावी मार खाऊन खाऊन ५ सप्टेंबरला संघ ७३ विजय, ६८ पराभवांवर येऊन टेकला. आमच्याकडे गणपती बसलेले. आरतीला जमलेल्या सातजणांपैकी पाचजण मोदकाच्या पानावरच हात झटकून मोकळे झाले होते: संपलं. एका चाहत्यानं त्याच सुमारास एट्सी या ऑनलाइन बाजारात पैसे मोजून एका चेटकिणीकडून संघासाठी मंत्र घालून घेतला, आणि त्याची बातमी गावभर झाली. अमेरिकेत नवसाला दुसरा शब्द सापडलेला नाही, एवढंच. देव पाण्यात घालून बसायची माणसाची गरज सगळीकडे सारखी.

६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. त्या दिवशी अटलांटात १०-२ असे जिंकले. दुसऱ्या दिवशी १८-२. तिथून सलग दहा विजय, मग एक हार, मग पुन्हा सात. अठरापैकी सतरा! ह्यूस्टनला ह्यूस्टनमध्ये जाऊन तीनही सामन्यांत हरवलं. २४ सप्टेंबरच्या रात्री २००१ नंतर पहिल्यांदा गट जिंकला आणि त्याच रात्री कॅल रॉलीनं मोसमातला साठावा होम रन मारला. विकेटकीपिंगसारखं गुडघे मोडणारं काम रोज करणारा कॅचर, आणि साठ! लेकीनं फ्रिजवरच्या कागदावर शून्य काढलं आणि त्यात डोळे-नाक काढले.

प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा, निर्णायक सामना १० ऑक्टोबरला होता. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. तिला नियम कळत नाहीत, पण माणसांचे चेहरे कळतात. मैदानात डावांच्या मध्ये चार सॅल्मन माशांच्या वेशातली माणसं पळतात, त्यातला हम्पी नावाचा कायम हरणारा मासा त्या रात्री पहिल्यांदा जिंकला, आणि आई म्हणाली, "शकुन चांगला आहे रे." दहावा डाव, अकरावा, तेरावा. "अरे, संपतं का नाही हे?" "नाही आई, बरोबरी सुटेपर्यंत चालतं." "मग दूध तरी उतू जाऊ देऊ नकोस." पंधराव्या डावात होर्हे पोलांकोनं फटका मारला, ३-२. दूध उतू गेलं होतं.

मग टोरोंटोविरुद्धच्या मालिकेत पाचव्या सामन्यात सुआरेझनं भरल्या बेसेसवर होम रन मारला आणि मालिकेत ३-२ अशी आघाडी मिळाली. वर्ल्ड सिरीज एका विजयावर. सहावा हरले. सातवा २० ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या संध्याकाळी. टीपॉयवर चकल्या, दारात पणत्या. ३-१ असे पुढे. सातव्या डावात दोघे बेसवर असताना जॉर्ज स्प्रिंगरनं चेंडू डाव्या भिंतीपलीकडे टाकला. ४-३. शेवटी हूलिओ रॉड्रिगेझ स्ट्राइकआउट झाला आणि टोरोंटोचे लोक नाचू लागले. हातातोंडाशी आलेला घास गेला. स्प्रिंगरसमोर शेवटचे डाव सांभाळणाऱ्या आंद्रेस मुन्योझला आणायला हवं होतं, असं मी तेव्हाही ओरडलो आणि आजही म्हणतो. पण मॅनेजर डॅन विल्सननं निर्णय जिंकण्यासाठी घेतला होता, टक्केवारीसाठी नाही. त्याच्यावर माझा राग नाही. आईनं पणत्यांत तेल घातलं. लेक कागद उतरवायला उठली नाही.

नोव्हेंबरात व्यवस्थापनानं नेलरशी पाच वर्षांचा करार केला. ही बातमी मी लेकीला सकाळी दात घासताना ओरडून सांगितली. असं करायचं असतं. आम्ही सप्टेंबरात जे देतो, त्याची परतफेड अशी होते.

तेव्हा डिपोटोसाहेब, जुलैअखेरीला तुमचा फोन वाजेल आणि कुणीतरी तुमचा पिचर मागेल. संघ शर्यतीत असेल तर तो विकू नका. सबुरीची काळजी तुम्ही करू नका, ती आमच्याकडे आहे. मरिनर्स १९७७ पासून खेळत आहेत. तीस संघांपैकी २०२५ संपेपर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीज न खेळलेला संघ एकच आहे, आणि तो आमचा आहे.