शिलकेचे शास्त्र
मासिक पगारदाराचे घरखर्चाचे अंदाजपत्रक 1 तारखेला सुरू होते आणि 5 तारखेला, हप्ता परस्पर कापला गेला की, संपते. पुढच्या काळाला उधारी म्हणतात. 25 तारखेनंतर तेलाची रिकामी पिशवी कात्रीने उभी चिरून कढईवर निथळत धरतात. हा प्रगत टप्पा होय. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला, तर बँक त्याच खात्यातून दंड घेते, वर 18 टक्के जीएसटी. पैसे नसल्याचे शुल्क पैशातच घ्यावे, ही कल्पना थोरच. वाण्यानेही याच न्यायाने रिकाम्या डब्यांचे भाडे लावावे. फेब्रुवारीत दोन-तीन दिवसांचा खर्च वाचतो. ही चैन सरकारच्या नजरेतून सुटत नाही. वर्षअखेरचा तुंबलेला प्राप्तिकर बहुधा त्याच पगारातून कापला जातो.