एसी सोडून कुणीही

मे महिन्यात जळगावची माणसं भेटली की आधी विचारतात, "काल किती?" हा प्रश्न तापमानाचा. ४४ म्हटलं तर समोरचा "बस?" म्हणतो, आणि ४५ म्हटलं तर त्याला आपल्या गावाचा अभिमान वाटतो. दुसरा प्रश्न जरा इकडेतिकडे बघून, आवाज उतरवून येतो. "आणि तुमचं किती आलं?" हा बिलाचा. इथे मात्र आकडा कमी सांगण्याची पद्धत आहे. आमचं ५,२६० रुपये आलं होतं. मी सगळ्यांना "साडेतीनच्या आसपास" म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीत हेच बिल १,७१० होतं. विजेच्या बिलावर वर्षभराच्या वापराचा उभ्या पट्ट्यांचा आलेख छापतात. लग्नाच्या फोटोत पुढे मांडी घालून बसलेली पोरं असतात ना, तशा आमच्या हिवाळ्याच्या पट्ट्या होत्या. आणि एप्रिलची पट्टी मागच्या रांगेत उभ्या असलेल्या उंच मामासारखी, डोकं फोटोबाहेर जाईल की काय अशी. फेब्रुवारीत १६८ युनिट, एप्रिलमध्ये ४१२.

जास्त झोंबतं ते हे, की वीज आमच्या दाराशी तयार होते. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. त्याच्या चिमण्या आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना घरच्या असल्यासारख्या दाखवतो. गोठ्याशेजारी राहायचं आणि दूध मात्र शहराच्या भावाने घ्यायचं, त्यातली गत.

तर बिल हातात घेऊन मी घरच्यांना विचारलं, "एवढं कशाने आलं?"

एकानेही वर पाहिलं नाही. वर एसी होता.

तो मागच्या मे महिन्यात घेतला. घ्यायला सगळ्यात मोठा विरोध माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. कुलर आहे, वाळ्याच्या ताट्या आहेत, माठ आहे, आणि पंचाहत्तर उन्हाळे काढलेला मी आहे, असा त्यांचा युक्तिवाद. एसी बसला त्या रात्री नऊ वाजता ते उशी घेऊन "बघू तरी काय प्रकार आहे" म्हणत त्या खोलीत शिरले, ते अजून बघतायत. तेव्हापासून आमचं तीन खोल्यांचं घर उन्हाळ्यात रात्री एका खोलीचं होतं. पलंगावर अण्णा, खाली गादीवर आम्ही दोघं, आणि कपाटाला पाय लावून बारावीतली मुलगी. चौघांचाही त्या यंत्रावर इतका जीव की त्याच्यावर आळ घ्यायला कुणाची जीभ वळेना. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला, तासाला सरासरी एक युनिट धरलं, तर महिन्याचे २४० युनिट होतात, हे गणित मुलीला तोंडी येत होतं. ती विज्ञान शाखेची आहे. पण तिने ते केलं नाही.

उलट ती म्हणाली, "फ्रिज असेल." बायको म्हणाली, "तुमचा तो कॉम्प्युटर." मी गीझरचं नाव घेतलं. ४४ अंशांत गीझर लावतो कोण, असं बायकोने विचारलं. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्याने त्या दिवसांत चहा होतो. अण्णा निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा लावून बिलच तपासायला घेतलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. वहन आकारापाशी त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे वीज आणून देण्याची हमाली का?"

"तसंच काहीसं."

"दीपनगरहून आपण जाऊन आणली तर?"

दुसऱ्या दिवसापासून घरात अण्णांची काटकसर सुरू झाली. काटकसर म्हणजे इतरांनी लावलेलं बटण आपण बंद करणं. मी दाढी करत असताना न्हाणीघरातला दिवा जायचा. बायको फोडणीत मोहरी टाकून वळली की स्वयंपाकघरातला पंखा थांबलेला. दुपारी आम्ही घरात चाचपडत फिरायचो, आणि अण्णांचा स्वतःचा झिरोचा बल्ब मात्र बोळात अखंड तेवत असायचा. "तो झिरो आहे," असं त्यांचं म्हणणं. नावातच शून्य असल्यावर त्याला बिल कसं येईल? मुलीने सांगितलं की झिरोचा बल्ब शून्य नसतो, सुमारे १५ वॉट घेतो, आणि छताला लावलेला तो झगझगीत एलईडी ९ वॉट. अण्णांनी आयुष्यभर मुलांना शून्याचं महत्त्व शिकवलं होतं. शून्य पंधराला असतं हे ऐकून ते पानपेटी घेऊन अंगणात जाऊन बसले.

एसीला हात लावायचा नाही, असं न ठरवता ठरलंच होतं. फार तर त्याच्या रिमोटशी चर्चा. मुलगी १८ वर लावायची, खोली लवकर गार होते म्हणून. होत नाही. १८ वर लावा की २४ वर, गार हवा त्याच जोमाने येते. १८ ला एसी थांबायचं नाव घेत नाही, इतकाच फरक. एकेक अंश वर गेलं की सहा टक्के वीज वाचते, असं सरकारी ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. मी २४ वर आणला. मध्यरात्री कुणीतरी २१ करायचं. सकाळी चौघंही एकमेकांकडे संशयाने बघायचो. पुढे कळलं की ते अण्णा. रिमोटवर चष्म्याशिवाय त्यांना मोठं बटण तेवढं दिसायचं, आणि ते नेमकं खाली नेणारं होतं, असं ते सांगतात.

मग आली २७ तारीख, आणि मीटरवर त्या महिन्याचे २९६ युनिट. आमच्याकडे घरगुती विजेचे टप्पे असतात. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० जवळजवळ दुप्पट, त्यापुढे आणखी चढे. अण्णांनी ३०० चा आकडा ऐकला आणि घरात कर्फ्यू लागला. ३०१ वा युनिट पडला की सगळेच्या सगळे युनिट महागड्या दराने लागतात, अशी त्यांची खात्री. माझीही, खोटं कशाला बोलू. रात्री फ्रिज बंद करावा का, यावर मतदान झालं. भुसावळच्या आत्याकडे चार दिवस सगळ्यांनी जाऊन राहावं, असा प्रस्ताव आला. आत्याकडेही एसी आहे, हे त्या प्रस्तावाचं बलस्थान होतं. बॅगा भरायच्या आधी मुलीने वही काढली. चढा दर फक्त ३०० च्या पुढच्या युनिटांना लागतो, आधीच्यांना नाही. म्हणजे ३०१ वा युनिट पडल्याने फरक पडतो तो एका युनिटाचा. तीन-चार रुपये.

"हे आधी का नाही सांगितलंस?" बायकोने विचारलं.

"आत्याकडे जायचं होतं."

आता एसी सोडून दुसरा कुणी गुन्हेगार मिळणं गरजेचं झालं. तो मिळाला मीटर खोलीत.

आमच्या इमारतीची मीटर खोली जिन्याखाली आहे. तिच्यात सोळा मीटर, कोळ्यांची दोन कुटुंबं आणि कुणाचीतरी तीनचाकी सायकल. प्रत्येक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. तो उगाच लुकलुकत नाही. आमच्या मीटरवर "३२०० इम्प/केडब्ल्यूएच" असं कोरलंय, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. म्हणजे दोन लुकलुकींमधले सेकंद मोजले आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं, की त्या क्षणाला घर किती वॉट खातंय ते निघतं. हे मुलीनेच शिकवलं. आत्याकडे जायचं राहिल्याचं प्रायश्चित्त असावं.

मी घरातलं एकूणएक बटण बंद केलं. टीव्ही, त्याचा डबा, इंटरनेटचा डबा, मोबाइलचे चार्जर सगळं उपटलं. फ्रिजची पिन काढली. घरच्यांना बाहेर ओट्यावर बसवलं, नाहीतर कुणीतरी काहीतरी लावेल. आणि जिन्याखाली जाऊन आमच्या मीटरपुढे उभा राहिलो.

लुक.

मी मोजू लागलो. पंधराव्या सेकंदाला पुन्हा लुक.

११२५ भागिले १५, म्हणजे ७५ वॉट. घरात काहीही चालू नसताना कुणीतरी जुन्या पंख्याएवढी वीज पीत होतं. दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. मला इतका आनंद झाला की मी पाच मिनिटं तिथेच उभा राहून मोजत होतो. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका सायकल शोधत आले. अंधारात एक माणूस लाल दिव्याकडे टक लावून पुटपुटतोय, हे बघून ते दारातच थबकले.

"काय करून राहिले भो?"

"मोजतोय."

ते चपला काढतात की काय असं मला वाटलं.

वर येऊन मी एकेक कोपरा हुंगला. देवघर, माळा, न्हाणीघर. आणि मग हॉलच्या कोपऱ्यात, विणलेल्या रुमालाखाली, मंद गुणगुणत बसलेला इन्व्हर्टर दिसला. त्याची वायर थेट बोर्डाच्या मागून गेलेली, बटणच नाही.

हा इन्व्हर्टर अण्णांचा. २००७ साली त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. राज्याच्या बहुतेक भागांत भारनियमन होतं, पेपरात त्याचं वेळापत्रक यायचं, आणि लग्नाचे मुहूर्तसुद्धा लोक ते बघून धरायचे. (आमच्या एका नातेवाइकाचा मुहूर्त पंचांगात होता, वेळापत्रकात नव्हता. मंगलाष्टकं टॉर्चवर झाली.) त्या काळात इन्व्हर्टर असलेलं घर म्हणजे गावात विहीर असलेल्या घरासारखं. शेजारपाजारची परीक्षेची पोरं आमच्या हॉलमध्ये अभ्यासाला यायची, आणि अण्णा त्यांच्यामधून हात मागे बांधून फिरायचे. पुढे भारनियमन शहरातून गेलं. इन्व्हर्टर राहिला. अण्णा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बॅटरीची झाकणं उघडून त्यात डिस्टिल्ड वॉटर घालतात; कुंडीतल्या तुळशीलाही इतक्या नेमाने पाणी मिळत नाही. बॅटरी दोनदा बदलली, हिलाही सात वर्षं झालीत. एसी घेताना तो "इन्व्हर्टर एसी" आहे हे दुकानदाराने सांगितलं तेव्हाच अण्णांचा विरोध मावळला होता. तो आपल्या इन्व्हर्टरवर चालणार, असा त्यांचा समज झाला होता. आम्ही दूर केला नाही.

वायरमन आला, त्याने बॅटरीवर हात ठेवला आणि डॉक्टरसारखा मला बाहेर बोलावून म्हणाला, "भाऊ, म्हातारी झाली. चार्ज धरतच नाही. दिवसरात्र पीत राहते आणि पोटात काही राहत नाही."

चोर सापडला होता. ज्याने घरात बटणं बंद करत फिरण्याचा वसा घेतला, त्याच्याच लाडक्याने इतकी वर्षं गुपचूप वीज ओढली होती. मला वाटलं होतं, हे सांगताना मजा येईल. अण्णा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी ७५ वॉटचं गणित ऐकलं, ५४ युनिट ऐकले, वर्षाचे सात-आठ हजार ऐकले. शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"तो वीज जायची वाट बघतोय," ते म्हणाले. "ती जात नाही, त्याला तो काय करणार?"

यावर काय बोलणार? बायकोने मला डोळ्यांनी आत बोलावलं आणि आठ दिवस कुणी विषय काढला नाही. नवव्या दिवशी अण्णांनीच वायरमनला फोन केला. भंगारात बॅटरीचे किती येतात याची त्यांनी तीन दुकानांत चौकशी केली होती. आतल्या शिशाचा भाव काढला होता. बॅटरी गेली. ट्रॉली मात्र त्यांनी ठेवून घेतली; तिच्यावर हल्ली जुने पेपर आणि शेंगांचा डबा असतो.

आता तुम्हाला वाटेल, त्याच रात्री वीज गेली असणार. नाही गेली. तीन आठवड्यांनी गेली, एका वावटळीत, तेरा मिनिटं. तेरा हे मला माहीत आहे, कारण अण्णा अंधारात मनगट डोळ्यांजवळ धरून रेडियमच्या काट्यांचं घड्याळ बघत होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. तेरा मिनिटं, अतिशय मोठ्याने, ते गप्प बसले.

पुढचं बिल साडेचार हजारांच्या आत आलं. त्यासोबत आणखी एक कागद होता. वर्षभराचा वापर वाढल्यामुळे अतिरिक्त सुरक्षा ठेव भरावी. ही ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी लागते, वापर वाढला की तीही वाढते. तिच्यावर व्याज मिळतं, एवढं वाचून अण्णांनी कागद बँकेच्या पासबुकात ठेवला. एसीबद्दल अजून कुणी काही म्हटलेलं नाही.

दरम्यान तळमजल्यावरच्या काकांनी माझ्याकडून ते ११२५ चं गणित लिहून नेलं. त्यांच्याकडे सगळं बंद असताना दर नऊ सेकंदांनी लुकलुकत होतं, आणि त्यांच्या घरात तेव्हापासून बोलणं कमी झालंय. मग दुसऱ्या मजल्यावरचे आले. मग एका संध्याकाळी जिन्याखाली चौघं जण एकमेकांना "श्श, चुकवू नका" म्हणत मोजताना दिसले. कुणीतरी तीनचाकी सायकलीला अडखळून पडलं. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला आणि मीटर खोलीत सोसायटीच्या खर्चाने एक ट्यूबलाइट लावायचं ठरलं. ती लागली. पण उजेडात तो बारीक लाल दिवा नीट दिसत नाही. म्हणून मोजायला जाणारा माणूस आत शिरला की पहिल्यांदा ट्यूब बंद करतो, आणि मोजून झालं की पुढच्याची सोय म्हणून आठवणीने लावून येतो.