नानांचं स्टेट कॉलेज

मुलीच्या पदवीदानाला अमेरिकेला जाणार, हे आम्ही सोसायटीत कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी रविवारी सकाळी नऊला बेल वाजली. दारात नाना. काखेत रेक्झिनची जुनी डायरी.

"पेनसिल्व्हेनिया ना? स्टेट कॉलेज? बसा." घर आमचं, पण बसलो आम्ही.

नाना पोस्टातून निवृत्त झालेले. मुलगा तिथल्याच पेन स्टेट विद्यापीठात पीएचडी करत असताना ते आणि नानी सहा महिने तिथे राहून आले. तेवढ्या भांडवलावर त्यांची चौकशीची खिडकी चालू आहे. तिला जेवणाची सुट्टी नाही.

सुरुवात पत्त्यापासून. "स्टेट कॉलेज हे गावाचं नाव. कॉलेजचं नव्हे. १९५३ साली कॉलेजचं विद्यापीठ झालं, तेव्हा गावाचंही नाव बदलायचं निघालं. गावाने मतदान घेतलं आणि चक्क नाही म्हणून सांगितलं! मग विद्यापीठाने स्वतःचं पोस्ट ऑफिस करून घेतलं, युनिव्हर्सिटी पार्क. गाव १६८०१, विद्यापीठ १६८०२." शेवटचे आकडे सांगताना नानांचा आवाज जरा कापरा झाला. एवढ्या भांडणातून वाट काढली ती पोस्टाने, आणि हे ऐकायला आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

मग पान उलटलं. फिलाडेल्फिया काय, पिट्सबर्ग काय, कुठेही उतरा, पुढे गाडीने तीन तास धरा. गावात रेल्वे नाही. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या लांबच लांब रांगा, मध्ये गाव. मे महिना असला तरी रात्री स्वेटर लागतो. (इथे त्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं. कानटोपी यादीत चढली.) कॅम्पसला फेरी मारणारी लूप बस फुकट. "पण चढताना थँक्यू म्हणायचं. उतरतानाही." कॅम्पसवरच्या सिंहाच्या पुतळ्याला आयाळ शोधू नका, तो प्यूमा आहे. फोटोला रांग असते, सकाळी सातला जा.

"माउंट निटनी चढायचाय?" मी हो म्हणायच्या आत उत्तर आलं. "सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही. पण वर पिठलं-भाकरी मिळत नाही. घरून न्या."

फुटबॉलचा विषय निघाला तेव्हा ते उठून उभे राहिले. स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतं, गावाची वस्ती त्याच्या निम्मीही नाही. सामन्याच्या शनिवारी हॉटेलवाले सांगतील तो भाव. "आपण मे महिन्यात चाललोय," मी म्हणालो. "तरी माहीत असावं," नाना म्हणाले आणि पुढची दहा मिनिटं गाड्या कुठे लावायच्या ते सांगितलं. आम्ही तिथे गाडी चालवणार नव्हतो.

सगळ्यात जीव मात्र क्रीमरीत. विद्यापीठाचंच आइस्क्रीमचं दुकान. बेन आणि जेरी धंद्यात पडले ते याच विद्यापीठाचा आइस्क्रीमचा पत्रद्वारा अभ्यासक्रम करून. "पत्रद्वारा!" नानांनी बोट वर केलं. इथला नियम असा, की एका कपात एकच चव. अर्धं हे, अर्धं ते, चालणार नाही. क्लिंटनसाहेबांना म्हणे एकदा सूट दिली होती. "नियम म्हणजे नियम," नाना म्हणाले. "मी काउंटरवरच्या मुलीला शाबासकी देऊन आलो."

जिन्यात नानी भेटल्या. मी सहज म्हणालो, नाना क्रीमरीचं फार कौतुक करत होते. नानींनी आवाज खाली आणला.

"पाऊण तास वाद घातला त्यांनी. मी इंडियाहून आलोय, सीनियर सिटिझन आहे, बायकोला व्हॅनिला लागतं आणि मला पीच. ती पोर गोड हसून नाही म्हणत राहिली. शेवटी दोन कप घेतले, बाहेर बाकावर बसलो आणि यांनी माझ्या कपातलं अर्धं चमच्याने स्वतःच्या कपात ओढलं. वर्तमानपत्राच्या आडून."

आम्ही जाऊन आलो. नानांनी सांगितलेली एकही गोष्ट चुकली नाही. स्वेटरही लागला, कानटोपी तेवढी लागली नाही. त्यांच्या डायरीतल्या त्या अकरा पानांची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तुमचं कुणी तिकडे शिकत असेल तर घेऊन जा. फक्त नानांना कळू देऊ नका, नाहीतर ते स्वतःच येतील.