मोगलीची फिनलंडवाली बहीण

लालबर्र्यात ताईकडे भाच्याच्या लॅपटॉपवर ‘हॅना’ सिनेमा पाहिला. जो राइटचा, २०११चा. फिनलंडच्या बर्फाळ जंगलात बाप पोरीला वाढवतो, शिकार, मारामारी आणि वर अनेक भाषा शिकवतो. मग ती गुप्तहेरांना लोळवायला निघते. भाषांचं आम्हाला कौतुक नाही. भाचा घरात पोवारी, शाळेत हिंदी आणि गोंदियाच्या मावशीशी मराठी बोलतो. त्याला कुणी मोहिमेवर धाडत नाही. किराणा आणायला धाडतात, तर अर्धा विसरून येतो.

आणि जंगलात वाढलेलं, मारायला शिकलेलं पोर? ते तर आमच्याच रस्त्यावरचं. इथून सरळ सिवनीकडे जा. किपलिंगनं १८९४च्या ‘जंगल बुक’मध्ये मोगलीला सिवनीच्या डोंगरात वाढवलं आणि वैनगंगेकाठच्या घळीत त्याच्याकडून शेरखानाचा काटा काढला. ना पिस्तूल, ना भुयारी तळ. दोन्ही तोंडांनी म्हशी सोडल्या, काम फत्ते. (पुस्तक लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटला बसून. असो.)

तिकडे सिनेमात मोरोक्कोतल्या खोलीत हॅनाला विजेची ओळख होते. ट्यूबलाइट, पंखा, किटली, टीव्ही, सगळं एकदम अंगावर येतं आणि ही तयार मारेकरीण घाबरून पळ काढते. नेमकी तेव्हाच आमच्याकडची लाइट गेली. बॅटरी चार टक्के. भाचा शांतपणे उठला, अंधारात चाचपून फळीवरची मेणबत्ती काढली, काडेपेटीही.

आतून ताईचा आवाज आला, ‘मीठ आणलंस का रे?’